नदीवाचूनची खाडी

संयुक्त अरब अमिरातीत बारमाही नदी एकही नाही. डोंगरात पाऊस झाला की वाद्या वाहतात, एरवी कोरड्या. तरी दुबई वसली ती पाण्याच्या काठीच. त्या पाण्याला अरबीत ‘खोर’ म्हणतात. आपल्या पूर्वजांच्या कोकणात तिला खाडी म्हणत. दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी येते. दुबईच्या खाडीत मात्र वरून कोणतीच नदी येत नाही. समुद्रच आत शिरतो आणि रास अल खोरच्या दलदलीत रोहित पक्ष्यांना पोसतो.

१८३३ साली मक्तूम घराणे आपल्या लोकांसह या खाडीच्या मुखाशी येऊन राहिले. पुढच्याच वर्षी मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी गिरमिटिया मजुरांची मोठी ने-आण सुरू झाली. रत्नागिरीकडचे आपले लोक मुंबई बंदरातून बोटीत चढले.

त्याच मुंबईच्या बाजारात दुबईचे मोती विकले जात. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने पाणबुडे नाकाला चाप लावून, पायाला दगड बांधून समुद्राच्या तळाशी जात. हंगामापूर्वी नाखवा त्यांना उचल देई. मोती कमी मिळाले की उचल फिटत नसे. पुष्कळदा बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. गिरमिटाला मुदत तरी होती, या कर्जाला तीही नव्हती. पुढे जपानी संवर्धित मोती आले, १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि तो धंदा बुडाला.

खाडीही गाळाने भरत चालली होती. शेख रशीद यांनी कर्ज काढून ती खोल करवली; १९६१ पर्यंत मोठी गलबते आत येऊ लागली. तेव्हा दुबईत तेल सापडले नव्हते, ते १९६६ साली सापडले. त्या वर्षापर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालत होता. २०१६ साली नवा कालवा झाला आणि खाडीचे दुसरे टोकही समुद्राला मिळाले.

आजही एका दिरहमात अब्रा आपल्याला बर दुबईहून देऱ्याला नेते. शेजारी बहुधा करारावर आलेला कोणी कामगार बसलेला असतो. त्याला त्याचे नाव आणि गाव अवश्य विचारावे. आपल्या पणज्यांची नावे, गावे परक्या कारकुनांनी वहीत वेडीवाकडी उतरवली; ती आपण अजून शोधत आहोत.