आत्याचं 'बनियन'

आत्याच्या पायाला काय झालंय असं सगळेच विचारताहेत, म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो. इथे देवनारलाच डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बनियन. (गंजीफ्रॉक नव्हे!) अंगठ्याच्या मुळाशी आलेला हाडाचा दुखरा उंचवटा. आत्याचा प्रश्न सरळ होता, "वाढलेलं हाड तासलं की झालं ना रे?"

गंमत म्हणजे जुने सर्जनही बरेचदा तेवढंच करत. पण हाड सहसा वाढलेलं नसतंच! पंजातलं लांब हाड एका बाजूला सरकतं, अंगठा दुसऱ्या बाजूला कलतो आणि मधला सांधा बाहेर डोकावतो. जर्मन सर्जन कार्ल ह्यूटर यांनी १८७०च्या सुमारास याला 'हॅलक्स व्हॅल्गस', म्हणजे कललेला अंगठा, असं नाव दिलं. १९०४ साली अमेरिकेत केलर यांनी अंगठ्याच्या हाडाचं बूड काढायची पद्धत मांडली. दुखणं थांबे, पण अंगठ्याचा जोर जाई. पुढे हाड कापून, रेषेत आणून स्क्रूने बसवू लागले. आज शंभरावर पद्धती आहेत, म्हणजेच सगळ्यांना लागू पडेल अशी एकही नाही.

दोष चपलांचा की घराण्याचा? दोन्हींचा. हाँगकाँगच्या १९५८च्या पाहणीत बूट घालणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना हे होतं, अनवाणी राहणाऱ्यांपैकी जेमतेम दोन टक्क्यांना. केंब्रिजमधल्या मध्ययुगीन सांगाड्यांचा अभ्यास २०२१ साली आला. टोकदार बुटांची फॅशन आल्यावर तिथलं प्रमाण ६ वरून २७ टक्क्यांवर गेलं होतं. आणि आपल्या आजीचे पाय आठवतात ना? तेव्हा आपापले अंगठे बघून घ्या!

आता उपाय. पुढून रुंद बूट, सिलिकॉनची गादी, वेदनाशामक गोळ्या. यांनी दुखणं कमी होतं, अंगठा सरळ होत नाही. रात्री बांधायच्या पट्ट्याही तो कायमचा सरळ करत नाहीत. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुटातल्या खास तळव्यांनी सहा महिने बरं वाटलं, पण वर्षाअखेर शस्त्रक्रियाच सरस ठरली. मात्र ती चालणं अवघड झालं तरच करावी, पाय सुंदर दिसावा म्हणून नाही. त्यात आत्याला मधुमेह, म्हणजे आधी पायातलं रक्ताभिसरण आणि संवेदना तपासायला हव्यात. नंतरही काही आठवडे पाय जपायचा.

ठरलंय ते असं: तीन महिने रुंद बूट, तरीही दुखलं तर ऑपरेशन. लग्नात आत्या पैठणीवर स्पोर्ट्स शूज घालून येईल. कोणी हसायचं नाही!