ल्युकोट्राईनचा शोध : एका कालनिश्चितीची फेरतपासणी

पांढऱ्या रक्तपेशी केवळ जंतूंचे भक्षण करीत नाहीत, तर स्वतःच्या पेशीपटलातील मेदापासून दाह निर्माण करणारे रासायनिक संदेशही तयार करतात. यांपैकी ‘ल्युकोट्राईन’ या गटाच्या शोधाचे वर्ष सामान्यतः १९७९ असे दिले जाते. प्रस्तुत लेखात या कालनिश्चितीची फेरतपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

बर्लिन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म फेल्डबर्ग यांना ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीत नोकरी गमवावी लागली. लंडनमध्ये हेन्री डेल यांच्याकडे काम करून ते १९३६ मध्ये मेलबर्नला गेले. तेथे चार्ल्स केलावे सर्पविषावर संशोधन करीत होते. या दोघांनी गिनीपिगच्या फुप्फुसांतून नागाचे विष प्रवाहित केले आणि बाहेर पडलेला द्रव आतड्याच्या तुकड्यावर तपासला. हिस्टामीनमुळे आतडे झटकन आकसते व लवकरच सैल पडते. येथे मात्र आणखी एक आकुंचन दिसले. ते सावकाश सुरू होई आणि दीर्घकाळ टिकून राही. १९३८ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. केलावे व ट्रेथेवी यांना १९४० मध्ये तोच परिणाम ॲलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेतही आढळला.

या द्रव्याला ‘मंदगतीने क्रिया करणारा पदार्थ’ म्हटले गेले. हे नाव नसून वर्तनाचे वर्णन होते, आणि पुढील चार दशके विज्ञानाला त्यावरच समाधान मानावे लागले. दम्याच्या रुग्णांच्या दृष्टीने हा विलंब महागाचा ठरला. हिस्टामीनरोधक औषधे १९४० च्या दशकात उपलब्ध झाली. परंतु दम्यावर त्यांचा फारसा उपयोग होईना. ब्रॉकलहर्स्ट यांनी १९६० मध्ये हिस्टामीनरोधकाच्या उपस्थितीतही हे द्रव्य आतड्याचे आकुंचन घडवते हे दाखवून त्याचे वेगळेपण ठसवले. मात्र ते इतक्या अल्प प्रमाणात मिळे की त्याची रासायनिक रचना उलगडत नव्हती.

उत्तर आले ते वेगळ्याच दिशेने. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बेंग्ट सॅम्युएल्सन व पिएर बोर्जा हे सशाच्या पांढऱ्या रक्तपेशी अराकिडॉनिक आम्लाचे काय करतात, याचा अभ्यास करीत होते. ‘५-लिपॉक्सिजिनेज’ हे विकर या आम्लाला ऑक्सिजन जोडते, त्यातून अत्यंत अस्थिर असा मध्यस्थ पदार्थ बनतो आणि त्यापासून पुढील संयुगे तयार होतात, असे त्यांना आढळले. या संयुगांत एकाआड एक असे तीन दुहेरी बंध होते. अतिनील किरणांचे त्यांचे शोषण फुप्फुसातील त्या जुन्या द्रव्याशी जुळणारे निघाले. १९७९ मध्ये मर्फी, हॅमरस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांनी त्या द्रव्याच्या एका घटकाची रचना मांडली : मेदाम्लाला गंधकामार्फत ग्लुटाथायोन जोडलेले. ल्युकोसाइट व ट्राईन यांवरून नवे नाव रूढ झाले. सॅम्युएल्सन यांना १९८२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम व वेन यांच्यासमवेत मिळाले.

तेव्हा शोध कोणाचा? रचना ठरली तेव्हाच शोध लागला असे मानल्यास फेल्डबर्ग-केलावे यांचे काम केवळ पूर्वपीठिका ठरते. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. द्रव्याचे अस्तित्व, त्याचा उगम आणि हिस्टामीनपासूनचे वेगळेपण मेलबर्नमध्येच दिसले होते. स्टॉकहोमने ते द्रव्य म्हणजे काय हे सांगितले. अर्थात, रचना कळल्याखेरीज औषध बनणे दुरापास्त होते हेही खरे. ल्युकोट्राईनचा परिणाम रोखणाऱ्या माँटेलुकास्टला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९८ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या निरीक्षणानंतर ६० वर्षांनी.