वीस मिलिग्रॅम

राळेगावच्या पानठेल्यावर खर्रा घोटताना पाहिलाय का कधी? सुपारी, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत टाकून घासघास घासायचं. माझे मामा दिवसाला किती खायचे, ते मामीलाही माहीत नव्हतं. आधी त्यांना तिखट झोंबायला लागलं, मग तोंड दोन बोटांपुढे उघडेना. "मिरची सोडली न बाबू, आता खर्राबी सोडू काय?" असं म्हणून हसायचे.

2018 साली गालात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि काही महिन्यांत ती मानेत परत आली. त्याच वर्षी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीसाठी नोबेल मिळालं होतं. मी पुण्यात नोकरीला नवा. बातमीचा स्क्रीनशॉट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंजेक्शनचा खर्च सांगितला. घरी वावर विकायची गोष्ट निघाली, ती मामांनीच थांबवली.

तेव्हापासून मी या इंजेक्शनचा इतिहास वाचत आलोय.

सुरुवात 1891 ची. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली जुन्या केसपेपरांत एका रुग्णाची नोंद वाचतात. मानेची गाठ वारंवार कापूनही परत येणारी. मग त्या माणसाला त्वचेचा जंतुसंसर्ग झाला, सडकून ताप आला, आणि गाठ विरघळली. कोलींनी त्याला शोधून काढलं. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता. मग कोली मुद्दाम रुग्णांना जंतू टोचू लागले. कुणी बरं झालं, कुणी तापानेच गेलं. का, ते त्यांनाही सांगता येईना. पुढे रेडिएशन आलं आणि कोली मागे पडले.

शरीर कॅन्सरशी लढतं, तर मग हरतं का? याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर 2001 मधल्या उंदरांच्या एका प्रयोगात आहे. सेंट लुईसमध्ये रॉबर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या उंदरांत गाठी वाढू दिल्या: काही धडधाकट, काही प्रतिकारशक्तीच नसलेले. मग त्या गाठी काढून धडधाकट उंदरांत लावल्या. धडधाकट उंदरांत वाढलेल्या गाठी तिथेही वाढल्या. दुबळ्या उंदरांतल्या गाठींपैकी बऱ्याच मात्र नव्या शरीराने मारून टाकल्या. म्हणजे पहारा असलेल्या शरीरात वाढलेली गाठ ही पहाऱ्यातून सुटलेल्यांची वस्ती असते. सोप्या पेशी आधीच मेलेल्या. उरतात त्या चिवट. आमच्या धंद्यात टेस्टिंगमधून निसटलेला बग प्रॉडक्शनमध्ये सापडतो, तोच सगळ्यात छळतो. पण बग मुद्दाम लपत नाही, आणि खरं तर पेशीही नाही. निवड होते, एवढंच.

निसटायच्या वाटा अनेक. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडते, ते पाहून टी-पेशी आपला-परका ठरवतात. काही कॅन्सर पेशी ही मांडणीच बंद करतात. काही आसपास अशा पेशी गोळा करतात, ज्या लढणाऱ्यांनाच शांत करतात. आणि काही थेट ब्रेक दाबतात. टी-पेशींवर पीडी-1 नावाचं प्रथिन असतं, लढाई हाताबाहेर जाऊ नये म्हणून. 1992 मध्ये क्योटोत होन्जोंच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, तेही दुसरंच काही शोधताना. गाठ आपल्या अंगावर त्याच्या जोडीचं प्रथिन उगवते, ते पीडी-1 ला चिकटतं आणि टी-पेशी थंड पडते. निवोलुमॅब हे औषध पीडी-1 वर आधीच जाऊन बसतं. ब्रेकवर पाय ठेवायला जागाच उरत नाही.

मला धरून ठेवतो तो यापुढचा, परळचा भाग. 1941 मध्ये सुरू झालेलं टाटा मेमोरियल. तिथल्या विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांपुढे तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचे, बरं होण्याची आशा संपलेले रुग्ण होते. आपल्यासारख्या देशांत मान्यताप्राप्त नवी औषधं अशा रुग्णांपैकी 1 ते 3 टक्क्यांनाच परवडतात, असं त्यांनी मांडलं. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस 240 मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. पण सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं की थोड्या औषधानेही पीडी-1 च्या बहुतेक जागा भरतात. त्यापुढचं औषध बसणार कुठे? मग त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, जोडीला तोंडावाटे घ्यायची तीन औषधं.

151 रुग्ण. निम्म्यांना फक्त ती तीन औषधं, निम्म्यांना सोबत इंजेक्शन. 2022 मध्ये निकाल छापून आला. वर्षभरानंतर जिवंत असण्याचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 वर गेलं होतं.

हे मी मामीला सांगितलेलं नाही. कारण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की इंजेक्शन मिळूनही निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात गेले. आणि 20 ची तुलना 240 शी या चाचणीत झालीच नव्हती, त्यामुळे कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला, असं यावरून म्हणता येत नाही. तुलना होती ती काहीच न परवडण्याशी. मामा त्याच गटातले. 2019 च्या दिवाळीआधी गेले.

निवोलुमॅबची लहान कुपी 40 मिलिग्रॅमची येते. वीस-वीस करून दोघांना पुरते, फक्त दोघांनाही एकाच दिवशी बोलवावं लागतं. मामांच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं असतं, असा विचार मी अधूनमधून करतो. गडी बोलका असता तर बरं. मामांना गप्प बसवायचं नाही.