घरगुती माध्यमकेंद्राचा उदय : सामर्थ्य आणि अनुज्ञा

यंत्रांचा इतिहास सामान्यतः निर्मात्यांच्या हेतूंवरून लिहिला जातो. यंत्र कोणी योजिले, कोणत्या कामासाठी योजिले आणि ते बाजारात केव्हा आले, एवढे सांगितले की इतिहास पुरा झाला असे मानण्याची प्रवृत्ती आहे. लहान संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडून घरातील चित्रपट, संगीत व छायाचित्रे एका ठिकाणी आणण्याची जी व्यवस्था एकविसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली, तिचा इतिहास मात्र ह्या पद्धतीने लिहिता येत नाही. ज्या दोन यंत्रांमुळे ती विशेष प्रसार पावली, त्यांपैकी एक खेळांसाठी व दुसरे शिक्षणासाठी निर्माण झाले होते.

अशा व्यवस्थेची कल्पना व्यापारी संस्थांना सुचली नव्हती असे नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली. परंतु ती प्रारंभी सुटी मिळत नसे. ती बसविलेला नवा संगणकच विकत घ्यावा लागे. त्याच कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेल्या एक्सबॉक्स ह्या खेळयंत्रात ७३३ मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती, हार्ड डिस्क व डीव्हीडी वाचण्याची सोय होती, आणि ते मुळातच दूरचित्रवाणी संचाला जोडण्यासाठी घडविलेले होते. माध्यमकेंद्राला लागणारी बहुतेक सामग्री येथे आयती हजर होती. उणीव होती ती अनुज्ञेची. कंपनीची अंकीय स्वाक्षरी नसलेली आज्ञावली हे यंत्र चालवीत नसे.

हा अडसर हौशी आज्ञावलीकारांनी दोन मार्गांनी ओलांडला. काहींनी यंत्रात निराळी चिप बसविली. काहींनी विशिष्ट खेळांच्या जतन केलेल्या नोंदी वाचताना यंत्राकडून होणाऱ्या चुकीचा लाभ घेतला. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेयर’मधून पुढे ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ निघाले, व जून २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली होती. तथापि ती चालण्याजोग्या रूपात आणण्यास मायक्रोसॉफ्टची विकाससाधने लागत, आणि त्यांच्या साहाय्याने सिद्ध झालेले रूप वाटण्याचा अधिकार ह्या मंडळींस नव्हता. म्हणून प्रकल्पाने केवळ संहिताच प्रसिद्ध केली. वाचण्यास मोकळी, पण चालविण्यास बद्ध, अशी ही विलक्षण अवस्था होती.

२००७ पासून ही संहिता लिनक्सवर आणण्याचे काम सुरू झाले आणि २००८ च्या ‘अटलांटिस’ आवृत्तीने ती लिनक्स, विंडोज व मॅक ह्या तिन्ही ठिकाणी पोहोचविली. आज्ञावली अशा रीतीने एका यंत्राच्या बंधनातून सुटली. आता हवे होते ते दिवाणखान्यात आवाज न करणारे, अल्प विजेवर चालणारे व स्वस्त यंत्र.

ते २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आले. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या व पूर्वतयारी घटत चालल्याची चिंता एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांस वाटत होती. तीतून रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरांचा संगणक जन्मास आला. त्याचा मुख्य प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आकड्यांपुरते पाहता दहा वर्षांपूर्वीच्या खेळयंत्रापेक्षाही मंद होता. परंतु त्याच चिपवरील चित्रविभाग एच.२६४ पद्धतीने संक्षिप्त केलेली पूर्ण उच्च दर्जाची चलचित्रे सहज उलगडीत असे. अभ्यासासाठी दुबळे ठरू शकणारे यंत्र चित्रपटासाठी समर्थ होते, आणि घरोघरच्या लोकांनी हा विरोधाभास तत्काळ हेरला.

ओपनएलेक किंवा रास्पबीएमसी ह्यांसारखी तयार प्रणाली एका एसडी कार्डावर उतरवावी, कार्ड यंत्रात घालावे, एचडीएमआय तारेने ते दूरचित्रवाणी संचाला जोडावे, चित्रपटांची हार्ड डिस्क लावावी, एवढाच खटाटोप असे. अनेक संचांत त्याच तारेतून दूरनियंत्रकाच्या आज्ञाही पोहोचत. जुन्या संचांसाठी निराळी जोडणी होती. फाइलीच्या नावात चित्रपटाचे शीर्षक व वर्ष नीट लिहिले की आज्ञावली त्याची माहिती आपण होऊन आणून मांडी. ह्या नावे लावण्याच्या कामात कुटुंबातील कोणी एक जण नकळत ग्रंथपाल होई.

अनुज्ञेचा प्रश्न मात्र येथेही सुटला नव्हता. डीव्हीडीवरील चित्रे एमपेग-२ पद्धतीची असतात. ती उलगडण्याची क्षमता चिपमध्ये होती, पण पेटंटशुल्कामुळे ती बंद ठेवलेली होती. प्रत्येक यंत्राची किंमत वाढविण्याऐवजी ऑगस्ट २०१२ पासून ज्यास गरज असेल त्यास २.४० पौंडांत किल्ली देण्याची सोय करण्यात आली. ही किल्ली त्या एका यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेली असे. निर्मात्यांचा हा निर्णय व्यवहार्य होता; पण पदार्थ घरात आहे आणि त्याचा गुण बाहेर आहे, ही गोष्ट त्याने स्पष्ट केली. एमपेग-२ ची अमेरिकेतील पेटंटे २०१८ मध्ये संपली. २०१९ च्या चौथ्या पिढीत मुख्य प्रोसेसरच इतका समर्थ झाला की किल्लीचे प्रयोजन उरले नाही.

उत्तरकाळातील घटनाही ह्याच दिशेने बोलतात. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ने ‘कोडी’ हे नाव घेण्याचे ठरविले, कारण दुसऱ्याच्या यंत्रावरून पडलेल्या जुन्या नावावर प्रकल्पास कायदेशीर ताबा कधीच मिळाला नव्हता. २०१५ मध्ये विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टने आपले माध्यमकेंद्र वगळले. कंपनीची वस्तू कंपनीच्या निर्णयाने संपली. हौशी मंडळींची वस्तू, तिचे मूळ यंत्र मागे पडल्यावरही, पुढे चालू राहिली.

ह्यावरून असे दिसते की, घरगुती माध्यमकेंद्राच्या वाटेत यंत्राचे सामर्थ्य क्वचितच कमी पडले. वेळोवेळी कमी पडली ती अनुज्ञा. प्रवाही सेवांच्या काळात ह्या निष्कर्षास अधिक महत्त्व आहे. सेवेच्या यादीतून एखादी कृती करार संपताच नाहीशी होते. घरातील डिस्कवरची कृती तशी जात नाही. कुटुंबाच्या संग्रहावर अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रश्न ३५ डॉलरांच्या पाटीएवढ्या लहान यंत्राने सोडविला नाही; पण तो दिवाणखान्यात, सर्वांच्या डोळ्यांसमोर, आणून ठेवला.