अहमदनगरमधील मराठी ख्रिस्ती ग्रंथवाचन

अहमदनगरमधील मराठी ख्रिस्ती ग्रंथवाचन ही एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहर व आसपासच्या गावांत रुजलेली, ख्रिस्ती श्रद्धा समजून घेण्यासाठी मराठी ग्रंथ वाचण्याची व ऐकण्याची परंपरा होय. ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्यामुळे या परंपरेला मराठी साहित्यात स्थान मिळाले.

पार्श्वभूमी

मराठीतील ख्रिस्ती ग्रंथरचना मिशनऱ्यांच्या छापखान्यांहून जुनी आहे. थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. मात्र ते रोमन लिपीत असल्याने देशावरील वाचकांपर्यंत ते पोहोचले नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र उघडले, तेव्हा नव्या श्रद्धावंतांसाठी वाचनसाहित्य जवळजवळ नव्यानेच तयार करावे लागले. जून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक याच शहरातून सुरू झाले व काही वर्षांनी मुंबईला हलले. त्याच सुमारास हरि केशवजी यांनी जॉन बन्यन यांच्या प्रसिद्ध रूपककथेचा 'यात्रिकक्रमण' (१८४१) हा अनुवाद केला. पुढे बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहून विधवांच्या स्थितीचा प्रश्न कथेच्या रूपाने मांडला.

वाचन आणि श्रवण

जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग शिक्षणापासून वंचित ठेवल्या गेलेल्या जातींतून आला होता. त्यामुळे ग्रंथ हाती असणे आणि तो वाचता येणे यांत बरेच अंतर होते. ते भरून काढण्याचे काम मिशनच्या शाळांनी आणि घरोघरी जाऊन शास्त्रपाठ वाचून दाखवणाऱ्या स्त्रियांनी केले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा आधार घेतला. परिचित चालीवरील पद आणि त्यावरचे निरूपण ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही समजत असे. अनुवादित गद्यापेक्षा ही वाट अधिक परिणामकारक ठरली असे मानण्यास जागा आहे.

टिळक दांपत्य

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे धर्मांतर मुख्यतः वाचनातून घडले. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ते अहमदनगरला आले व तेथील धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात अध्यापन करू लागले. संतवाङ्मयाचे वाचन त्यांनी सोडले नाही. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो अशी त्यांची धारणा होती. इंग्रजी स्तोत्रांच्या शब्दशः भाषांतरांची जागा अभंगांनी व भजनांनी घ्यावी हा त्यांचा आग्रह याच धारणेतून आला. १९१२ पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते.

लक्ष्मीबाईंचा मार्ग वेगळा होता. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकत्र आल्यानंतरही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळ्याओवळ्याचे आणि जातिभेदाचे प्रश्न स्वतःशी सोडवल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शालेय शिक्षण नसलेल्या या लेखिकेने पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र ख्रिस्ती समाजाबाहेरच अधिक वाचले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भाषेचा प्रश्न

ख्रिस्ती संकल्पनांसाठी कोणते मराठी शब्द वापरावेत हा वाद दीर्घकाळ चालला. टिळकांनी भक्तिपरंपरेतील शब्द मोकळेपणाने स्वीकारले. याउलट केडगावच्या पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना वैदिक व वेदान्ती छटा असलेले शब्द टाळून सामान्य स्त्रियांना कळेल अशी साधी बोली निवडली. हे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल'मधून हेच काम पुढे नेले; २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. टिळकांची भजने मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या संग्रहात असून ती आजही गायली जातात.