तीन-बावीस, सात-वीस आणि अकोल्याचा मे महिना

अकोल्या-अमरावतीकडच्या मुरलेल्या वायरमनला 'दीड स्क्वेअरची वायर' म्हणा. तो मान डोलावेल आणि दुकानदाराला सांगेल, "तीन-बावीस दे ना भाऊ!"

हे आकडे आले साहेबाच्या देशातून. 1884 पासून तिथे कायदेशीर झालेला तारेचा गेज. तार छिद्रांतून ओढून ओढून बारीक करायची, म्हणून नंबर मोठा तितकी तार बारीक. (उलटा कारभार, पण डोकं त्यामागे आहे.) 3/22 म्हणजे 22 नंबरच्या तीन तारा. एक तार 0.711 मिमी जाड, तिघींचं मिळून 1.2 चौरस मिमी भरतं. म्हणजे दीड आणि तीन-बावीस एक नव्हेच! 7/20 मात्र साडेचारच्या थोडं वर जाते.

1960 मध्ये राज्य वीज मंडळ झालं, 1961 मध्ये अकोल्याजवळ पारसला 30 मेगावॅटचा संच सुरू झाला. तेव्हा घरात असायचं काय? चार बल्ब, एक पंखा, फार तर रेडिओ. सागवानी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली बारीक वायर त्याला पुरून उरायची. पुढे तांबं आयात करायला परकीय चलन नाही, म्हणून अ‍ॅल्युमिनियम आलं. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय धातू मऊ. स्क्रूखाली दबतो, जोड सैल होतो आणि नेमका तिथेच तापतो. जुन्या घरातली काळवंडलेली स्विचबोर्डं आठवा.

वाळ्याच्या ताटीची जागा कूलरने घेतली तरी फारसं बिघडलं नाही, कूलर जेमतेम 1 अँपियर घेतो. दीड टनाचा एसी 7 च्या आसपास. आता गंमत बघा: वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट 7 पट, तर उष्णता 49 पट!

त्यात आपलं हवामान. पीव्हीसीचं आवरण साधारण 70 अंशांपर्यंत टिकतं आणि वायरची क्षमता 40 अंशांची हवा धरून छापलेली असते. टिनाच्या छताखाली मे महिन्यात 50 अंश धरा. वायरला तापायला 30 ऐवजी 20 अंशच उरले, म्हणजे क्षमता 18 टक्क्यांनी घटली. पुण्या-मुंबईचा तक्ता इथे तसाच चालवणं मला तरी पटत नाही.

आणि फ्यूज? किटकॅटमध्ये तार सारखी जळते म्हणून जाड तार घालायची, हा घरोघरचा उद्योग. हल्ली तेच काम 16 चा एमसीबी काढून 32 चा बसवून होतं. एमसीबी वाचवतो तो भिंतीतल्या वायरला, एसीला नव्हे. तेव्हा गावाकडच्या घरी आई-बाबांसाठी एसी घेताय ना? आधी बोर्ड उघडून आत काय आहे ते बघायला सांगा. तीन-बावीस निघाली तर मेन बोर्डापासून 4 स्क्वेअरची तांब्याची वेगळी लाइन ओढून घ्या, अर्थिंगसकट. एसी त्यानंतर.