सुतारकाम, झाकिर हुसेन आणि नावाचं भांडण

यवतमाळच्या एका शिक्षक मित्राचा परवा फोन आला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्याकडून काम शिकावं, अशी कल्पना आहे. मित्र म्हणाला, "वीस मुलं आहेत, पैसे थोडे आहेत. हत्यारं कोणती घेऊ? आणि त्यांच्याकडून करून काय घेऊ?"

प्रश्न व्यवहाराचा होता, पण मला इतिहास आठवला. कारण हाच प्रश्न एकदा आपल्या शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे, फार गंभीरपणे विचारला गेला होता. त्याचं उत्तर शोधणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन.

झाकिर हुसेन अर्थशास्त्रात डॉक्टरेट करायला बर्लिनला गेले होते. तिथे त्यांच्यावर गेओर्ग केर्शेनस्टायनर यांच्या विचारांचा प्रभाव पडला. हे गृहस्थ म्युनिकच्या शाळांचे प्रमुख होते. त्यांनी दिलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलाने एका पक्ष्यासाठी, आपल्या साळुंकीच्याच कुळातल्या स्टार्लिंगसाठी, लाकडी घरटं करायचं. आधी मनात आराखडा, मग मोजमाप, मग करवत, मग जोडणी. घरटं तयार झालं की गुण द्यायला मास्तर लागत नाही. कोपरा काटकोनात नसेल तर फट दिसते. आपली चूक आपणच शोधायची आणि आपणच मान्य करायची, हे त्यांच्या लेखी शिक्षण होतं.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. शाळेचा खर्च मुलांच्या हस्तोद्योगातून निघावा, असं गांधीजींचं म्हणणं होतं. झाकिर हुसेन तेव्हा दिल्लीच्या जामियाचे कुलगुरू होते. त्यांनी परिषदेतच शंका मांडली की कमाईवर भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील. गांधीजींनी समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. डिसेंबरमध्ये अहवाल आला. सात वर्षांचं सक्तीचं मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक हस्तोद्योग. सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळबाग-भाजीपाला, चामड्याचं काम, किंवा त्या भागाला सोयीचं दुसरं काही. कमाईच्या नादात शिक्षण मागे पडू नये, हा इशारा अहवालातही आहे.

वर्धा मध्य प्रांतात आणि यवतमाळ वऱ्हाडात असलं तरी सरकार एकच होतं. त्या सरकारने रविशंकर शुक्ल यांची ‘विद्या मंदिर’ योजना आणली. गावकऱ्यांनी दान दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यात शाळा चालवायची, अशी ती कल्पना होती. आणि इथे नाव आडवं आलं. सरकारी शाळेला ‘मंदिर’ म्हणायला मुसलमानांनी हरकत घेतली. सरकारचं म्हणणं, हा शब्द फक्त ‘घर’ या अर्थाने आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुस्लिम लीगचा पीरपूर अहवाल आला, त्यातही या योजनेवर टीका होती. वर्धा योजनाही टीकेतून सुटली नाही. एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने आखलेली योजना मुसलमानांच्या मुळावर उठल्याची भाषा सुरू झाली. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला.

हरकत घेणारे वेडे होते, असं मी म्हणणार नाही. ज्या समाजाला आपण कमी पडत चाललो आहोत असं वाटत असतं, त्याला नावं टोचतात. आणि ज्यांच्या हाती सत्ता असते त्यांना एक शब्द बदलणं जड वाटू नये. पण दोन्ही बाजूंनी नावावर जितका जोर लावला, तितका मुलाच्या हातात रंधा येतो की नाही यावर लावला नाही, याचं मला वाईट वाटतं.

गंमत अशी की सुताराच्या पेटीत हा वाद कधीच मिटलेला आहे. करवत संस्कृत ‘करपत्र’वरून आली. रंधा फारसी ‘रंदा’. मारतूल पोर्तुगीज ‘मार्तेलो’. गुण्या तर ग्रीक ‘गोनिया’ म्हणजे कोन, तो फारसीतून फिरत आपल्याकडे आला. आमच्या घरात ज्याला रेहल म्हणतात, तीच लाकडी घडी शेजारच्या घरात पोथीसाठी असते. नाव वेगळं, सांधा तोच.

तर मित्राला मी काय सांगितलं? वीस संच घेऊ नकोस. चार मुलांत एक याप्रमाणे पाच संच घे, पण चांगले घे. एका संचात करवत, गुण्या, मारतूल, लहान रंधा, दोन पटाश्या, पट्टी आणि पेन्सिल. धारेचा दगड सगळ्यांत मिळून एक-दोन पुरतील, पण तो हवाच. बोथट पटाशीला जास्त जोर लावावा लागतो, ती घसरते आणि हात कापते.

दुकानात गुण्या तपासूनच घ्यावा. सरळ कडेच्या फळीला तो टेकवून एक रेघ मारायची. मग गुण्या उलटा फिरवून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर खोटा. रंध्याच्या तळाला पोलादी पट्टी उभी धरून उजेडात बघायचं, खालून प्रकाश दिसला तर तळ सपाट नाही. पटाशीची पाठ सपाट हवी, धारेजवळ गंजाचे खड्डे नकोत. करवतीचं पातं डोळ्यासमोर धरून पाहायचं, वाक दिसता कामा नये. एखाद्या वयस्कर मिस्त्रीने जुनी हत्यारं विकायला काढली असतील तर ती आधी बघावीत. जुनं पोलाद बरेचदा नव्या चकचकीत मालापेक्षा धार चांगली धरतं.

आपल्या जिल्ह्यात सागवान आहे म्हणून सुरुवात सागवानाने करू नये. त्यात सिलिका असते, धार लवकर जाते. आरा मशीनवरचे शिवणचे तुकडे किंवा खोक्याच्या फळ्या बऱ्या. पहिले दोन दिवस फक्त रेघेवर कापणं. मग पक्ष्याचं घरटं. ते जमलं की बसायचा पाट. रेहल एकाच फळीतून निघते, तिचा सांधा अवघड, ती पुढच्या वर्षी.

शेवटची गोष्ट मी थोडी दबकत सांगितली, कारण ती आपल्या सगळ्यांना लागू आहे. हदीसमध्ये हजरत जकरिया सुतार होते असं आलं आहे, आणि आम्ही ते अभिमानाने सांगतो. पण लग्न जुळवताना मुलगा मिस्त्री आहे म्हटलं की चेहरे बदलतात. आमच्यातही बिरादऱ्यांची उतरंड आहे, तुमच्यात जातीची. वर्ध्याची योजना फसण्याचं हेही एक कारण होतं. खालच्या मानलेल्या हातांचं काम आपल्या मुलाने शिकावं, हे शिकलेल्या आईबापांना पटलं नाही.

म्हणून मित्राला म्हटलं, गावातल्या वाढईदादाला किंवा मिस्त्रीचाचाला नुसतं ‘दाखवायला’ बोलावू नकोस. त्याला त्या दहा दिवसांचा शिक्षक कर, मानधन ठरवून दे आणि हजेरीपटावर त्याचं नाव लिही. मुलं घरटं बनवतीलच. त्यांनी त्याला ‘सर’ म्हटलं, तर एक जुनं राहिलेलं काम थोडं पुढे जाईल.